कायम ट्रेलरमध्ये राहणाऱ्या कुटुंबाचं धुणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत गाडीमागे ओढायच्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये बारमाही राहायला निघालेलं कुटुंब स्वयंपाकघराचा, झोपण्याच्या जागेचा, मुलांच्या शाळेचा विचार आधीच करून ठेवतं. धुण्याचा विचार मात्र पहिल्या आठवड्याच्या शेवटी होतो. इथली उत्तरं चार माणसं, पंचवीस ते तीस फुटांचा ट्रेलर आणि अमेरिकेतले रस्ते धरून लिहिली आहेत. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर आणि एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, एवढं लक्षात ठेवा. तिथल्या टाक्या गॅलनमध्ये आणि मशीनं पौंडांत मोजतात.

आठवड्याला किती धुणं निघतं?

माणशी अडीच किलो सुके कपडे धरा, म्हणजे चौघांचे दहा किलो. मुलं लहान असतील किंवा मुक्काम मातीच्या जागी असेल तर बारा. यातला मोठा वाटा अंगावरच्या कपड्यांचा नसून टॉवेल आणि चादरींचा असतो. जाड टर्किश टॉवेल सुका अर्धा किलोच्या वर भरतो, तेवढंच पाणी पितो आणि दमट हवेत दोन दिवस वाळत नाही.

यावरचा उपाय आपल्याकडे पूर्वीपासून आहे. सुती पंचा घ्या. त्याचं वजन जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम, तो बादलीत हाताने धुता येतो आणि वाऱ्यावर तासाभरात वाळतो. माणशी तीन पंचे आणि पोहण्यासाठी एखादा जाड टॉवेल एवढ्यावर भागतं. ट्रेलरमधल्या धुण्यात यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक सुधारणा दुसरी नाही.

आतले कपडे आणि मोजे माणशी दहा जोड ठेवा, बाकीचे कपडे सहा-सात जोड. आतल्या कपड्यांचे जोड कमी असले की धुण्याचा वार तुम्ही ठरवत नाही, कपाट ठरवतं. जीन्स माणशी एकच ठेवा, कारण वाळवताना ती सगळ्यांत जास्त छळते.

ट्रेलरमध्ये मशीन बसवावं की लॉन्ड्रोमॅटला, म्हणजे पैसे टाकून मशीन वापरायच्या दुकानात, जावं?

तुम्ही कुठे मुक्काम करता त्यावर ते ठरतं. महिना-महिना एकाच कॅम्पग्राउंडवर, म्हणजे ट्रेलर उभे करायच्या तळावर, पाणी-वीज-गटार तिन्ही जोडून राहणार असाल तर मशीन उपयोगी पडतं. दर आठवड्याला जागा बदलत असाल किंवा बराच काळ जोडणीशिवाय राहत असाल, तर मशीन म्हणजे कायम ओढत न्यायचं ओझं.

मशीनचे प्रकार दोन. एकाच ड्रममध्ये धुणारं आणि वाळवणारं ‘कॉम्बो’, किंवा खाली वॉशर आणि वर ड्रायर अशी जोडी. कॉम्बो कपाटाच्या जागेत मावतं, पण धुऊन वाळवून एक घाणा काढायला तीन-चार तास घेतं. जोडी भराभर काम करते, मात्र तिला जागा दुप्पट लागते आणि ड्रायरची गरम हवा बाहेर सोडायला भिंतीला भोक पाडावं लागतं. बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलरना मशीनसाठी नळ, निचरा आणि विजेची सोय मुळात केलेली नसते. ती असेल तरच मशीनचा विचार करा. नंतर फोडाफोडी करून बसवलेल्या मशीनची नळी आतल्या आत गळत राहिली तर जमिनीचा प्लायवूड कुजल्यावरच ते कळतं.

मधला मार्ग म्हणजे छोटं प्लास्टिकचं दोन टबांचं मशीन किंवा नुसता स्पिन-ड्रायर. त्याबद्दल पुढे सविस्तर.

मशीनच्या वजनाचा ट्रेलरवर काय परिणाम होतो?

कॉम्बो साठ ते सत्तर किलोंचं असतं. ट्रेलरच्या दाराशी पिवळी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर त्यात एकूण किती सामान घालता येईल ते पौंडांत छापलेलं असतं. त्या आकड्यातून मशीन वजा करा, मग माणसांचं सामान मोजा. पाणी भरून निघत असाल तर तेही धरा. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की दीडशे किलो तिथेच गेले.

मशीन कुठे बसवलं आहे हे वजनाइतकंच महत्त्वाचं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकावर यायला हवा. मशीन चाकांच्या मागे, शेपटीकडे बसवलं तर पुढचा भार हलका होतो आणि महामार्गावर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. मागे मशीन असेल तर बसवून झाल्यावर सगळं सामान भरून काट्यावर नेऊन वजन करा.

मशीन चालू केलं की वीज का जाते?

ट्रेलरची जोडणी ३० अँपची असेल तर एकूण ३६०० वॉट मिळतात, आणि सतत चालणाऱ्या कामासाठी २४ अँपच धरलेले बरे. एसी १३ ते १५ अँप घेतो. पाणी तापवणाऱ्या टाकीची विजेची कांडी १२ अँप घेते. कॉम्बोचं वाळवणं १० ते १२. यातली कोणतीही दोन कामं एकत्र आली की २४ ची मर्यादा जवळजवळ संपते किंवा ओलांडली जाते, आणि तिन्ही एकत्र आली की ब्रेकर पडलाच.

धुण्याच्या दिवशी पाण्याची टाकी गॅसवर टाका आणि विजेचं बटण बंद करा. उन्हाळ्यात कपडे सकाळी सातच्या आत लावा, म्हणजे एसी लागायच्या आधी वाळवणं संपतं. मशीन चालू असताना मायक्रोवेव्ह लावू नका. ५० अँपच्या जोडणीवर ही कसरत करावी लागत नाही.

बॅटरीवर राहत असाल तर थंड पाण्यात धुणं परवडतं, वाळवणं नाही. १२०० वॉटचं वाळवणं दोन तास चाललं की २.४ युनिट गेले. १०० अँप-अवरच्या १२ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत जेमतेम १.२८ युनिट मावतात. दोन बॅटऱ्या रिकाम्या करून एक घाणा वाळेल.

कॉम्बोमधून कपडे दमट आणि चुरगळलेले का निघतात?

घाणा मोठा लावल्यामुळे. मशीनवर लिहिलेली क्षमता धुण्याची असते, वाळवण्याची तिच्या निम्मी. ड्रम अर्धाच भरा. शिवाय हवा बाहेर न सोडणाऱ्या कॉम्बोमधून कपडे निघतात ते हाताला गरम आणि ओलसर वाटतात. बाहेर काढून पाच मिनिटं झटकून ठेवल्यावर कळतं की ते वाळलेले आहेत. चादर आणि छोटे कपडे एकत्र लावू नका, चादर गुंडाळी होऊन सगळे मोजे पोटात घेते आणि आतला गोळा ओलाच राहतो.

वाळवताना सुटणारे तंतू या प्रकारात बरेचसे आतच राहतात. तीन-चार घाण्यांनंतर कपडे न घालता एकदा नुसतं पाण्याने खंगाळून काढा. रबराची कड प्रत्येक वेळी फडक्याने पुसा आणि दार किलकिलं ठेवा. प्रवासात मात्र ते बंद करून पट्टा लावा.

कपडे धुताना शॉवरमध्ये गढूळ पाणी वर येतं. का?

ग्रे टँक भरला. स्वयंपाकघराचं आणि न्हाणीचं सांडपाणी ज्या टाकीत जातं ती ३० ते ४० गॅलनची असते. मशीनचा एक घाणा १२ ते १५ गॅलन सोडतो. आंघोळी झाल्यावर दोन घाणे लावले की टाकी काठोकाठ, आणि पाण्याला वर यायला सगळ्यांत खालचं तोंड म्हणजे शॉवरची जाळी.

गटाराची जोडणी असेल तर धुण्याच्या दिवशी पुढच्या क्रमाने करा. आधी ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, भरली असेल तर रिकामी करून तिचा व्हॉल्व्ह बंद करा. मग ग्रेचा व्हॉल्व्ह उघडा, कपडे धुवा आणि शेवटच्या घाण्याआधी तो पुन्हा बंद करा. शेवटच्या घाण्याचं साबणाचं पाणी टाकीत साठेल. पुढच्या वेळी ब्लॅक टँक सोडलात की त्याच पाण्याने मागाहून नळी धुऊन निघते. ग्रेचा व्हॉल्व्ह आठवडाभर उघडा ठेवू नका, नळीतून वास आणि माश्या आत येतात. ब्लॅकचा तर कधीच नाही. पाणी निघून जातं, मागे घट्ट मळ सुकून बसतो आणि तो काढणं फार त्रासाचं होतं.

निचऱ्याच्या नळीच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा किंवा बारीक जाळी चिमट्याने घट्ट बांधा. कपड्यांतून सुटणारे तंतू टाकीतल्या मापकांवर चिकटले की टाकी रिकामी असतानाही दिवा ‘भरली’ म्हणतो. मोजा दर दोन घाण्यांनी उलटा करून झटका. तो भरून राहिला तर पाणी उलटं मशीनमध्ये तुंबतं.

काही कॅम्पग्राउंडवर ट्रेलरमधल्या मशीनला मनाई का असते?

त्या जागेचं गटार शहराच्या गटाराला जोडलेलं नसतं, सेप्टिक टँकमध्ये जातं. एकाच सकाळी पन्नास ट्रेलर मशीन सोडू लागले तर तो टँक पुरा पडत नाही. जागा राखून ठेवतानाच विचारा. तिथल्या धुलाईखोलीचे पैसे मिळावेत हेही कारण कधी असतं, पण नियम नियमच.

मशीन नको, तर घरातल्या घरात धुण्याची चांगली पद्धत कोणती?

दोन बादल्या, एक धुण्याचा दट्ट्या आणि एक स्पिन-ड्रायर. दट्ट्या म्हणजे दांड्याला लावलेली भोकं पडलेली प्लास्टिकची घंटा, हार्डवेअरच्या किंवा कॅम्पिंगच्या दुकानात मिळते. स्पिन-ड्रायर म्हणजे मिनिटाला तीनएक हजार फेऱ्यांनी फिरणारं, सात-आठ किलो वजनाचं उभं भांडं. तो तापत नाही, फक्त पाणी फेकतो, वीज नावापुरती घेतो आणि दोन-तीन मिनिटांत काम संपवतो. पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर स्पिन-ड्रायरवर घाला. धुणं हातानेही निभतं. पिळणं हाताने पुरत नाही.

दीड किलो कपड्यांसाठी कृती अशी:

१. पाच गॅलनच्या बादलीत दोन गॅलन कोमट पाणी, त्यात एक छोटा चमचा पातळ डिटर्जंट. कपडे वीस मिनिटं भिजवा.
२. दट्ट्याने तीन मिनिटं खालवर करा. धोपटायची गरज नाही, पाणी कपड्यातून आरपार जायला हवं.
३. कपडे काढून *आधी स्पिन करा*. ही पायरी बहुतेक जण गाळतात. साबणाचं पाणी इथेच निघून गेलं तर दोनदा-तीनदा विसळावं लागत नाही.
४. दुसऱ्या बादलीत दोन गॅलन स्वच्छ पाण्यात एकदा विसळा, पुन्हा स्पिन.

एकूण पाणी चार गॅलन. स्पिन न करता नुसतं पिळून विसळलं तर आठ गॅलन लागतात, आणि जोडणीशिवाय राहताना या चार गॅलनचा फरक म्हणजे दुसऱ्या दिवशीची आंघोळ.

स्पिन-ड्रायर थडथडायला लागला तर कपडे एका बाजूला झाले आहेत. थांबवा, कडेने गोल रचा, वरून जाळीची तबकडी दाबून बसवा. एकटी जीन्स कधीच घालू नका, समोर तेवढ्याच वजनाचं काहीतरी हवं. दोन टबांच्या छोट्या मशीनला हेच सगळं लागू आहे, फक्त दट्ट्याचं काम मोटर करते. त्यावर वीस पौंड लिहिलेले असले तरी तीन किलोंच्या वर भरू नका.

प्रवासात बादली हिंदकळून कपडे धुतले जातात म्हणे. खरं का?

खरं आहे. फिरकीच्या रबरी झाकणाची पाच गॅलनची बादली घ्या. दीड किलो कपडे, दोन गॅलन पाणी, छोटा चमचा डिटर्जंट. बादली शॉवरच्या खोलगट तळात ठेवून दोरीने जखडा. दोन तासांच्या रस्त्यात कपडे छान निघतात. त्यात ऑक्सिजन ब्लीचची पावडर मात्र घालू नका. तिच्यातून वायू सुटतो आणि बंद झाकणाखाली दाब वाढत जातो. उतरल्यावर लगेच विसळा. उन्हाळ्यात दिवसभर तशीच राहिलेली बादली उघडवत नाही.

धुण्याचं पाणी जमिनीवर ओतलं तर चालतं का?

जागेनुसार नियम बदलतो. नॅशनल पार्कमध्ये सांडपाणी नेमून दिलेल्या ठिकाणीच सोडायचं, बाहेर ओतणं नियमाविरुद्ध आहे. पश्चिमेकडच्या बीएलएम, म्हणजे केंद्राच्या जमीन व्यवस्थापन खात्याच्या, मोकळ्या सरकारी जमिनीवर, जिथे सहसा चौदा दिवस फुकट राहता येतं, तिथल्या केंद्रीय नियमात धुण्याच्या पाण्याला सूट आहे. पण राज्याचे, काउंटीचे आणि त्या विशिष्ट जागेचे नियम अधिक कडक असू शकतात. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळ ला पोसासारख्या हिवाळी मुक्कामाच्या जागांवर तर, सार्वजनिक संडासाजवळची जागा सोडली तर, सांडपाण्याची किमान १० गॅलनची टाकी ट्रेलरला असावीच लागते. प्रत्येक जागेच्या कार्यालयात विचारून घ्या.

सूट असली तरी साबणाचं पाणी ओढ्या-तळ्यापासून दोनशे फूट लांब, पसरून टाका. एकाच जागी ओतत राहिलात तर चिखल होतो, माश्या येतात आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला ती जागा घाण मिळते.

डिटर्जंट किती घालावं? कपडे धुऊनही कडक आणि कुबट का राहतात?

जवळजवळ नेहमी डिटर्जंट जास्त झालेलं असतं. समोरून उघडणाऱ्या मशीनला कमी फेसाचं, ‘एचई’ लिहिलेलं डिटर्जंट दोन मोठे चमचे, म्हणजे तीस मिलिलिटर, पुरतं. झाकणातली सगळ्यांत वरची रेघ ही त्याच्या दुप्पट-तिप्पट असते. जास्तीचं डिटर्जंट कपड्यात राहतं, घाम धरून ठेवतं आणि वास मारतं. टॉवेल वास मारत असतील तर डिटर्जंट न घालता गरम पाण्यात एकदा फिरवून पाहा. पाण्याला फेस आला तर तो मागच्या आठवड्यांचाच साबण.

ॲरिझोना, नेवाडा, न्यू मेक्सिको, पश्चिम टेक्सास इथलं पाणी जड आहे. त्यात साबण फुटत नाही, पांढरे कपडे राखाडी पडतात. घाण्यामागे अर्धी वाटी धुण्याचा सोडा किंवा बोरॅक्स घाला. शेवटच्या विसळण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घातलं तर कडकपणा जातो. व्हिनेगर आणि ब्लीच एकाच घाण्यात कधीही नको, क्लोरीन वायू तयार होतो, आणि ट्रेलरसारख्या कोंदट जागेत तो फार घातक ठरतो. फॅब्रिक सॉफ्टनर विकत घेऊ नका. टॉवेल पाणी शोषेनासे होतात आणि टाकीत चिकट थर बसतो.

दोरी बांधू देत नाहीत. कपडे वाळवायचे कुठे?

बऱ्याच पार्कांत दोरीला बंदी असते. झाडाला दोरी बांधायला तर अनेक ठिकाणी, कारण साल कापली जाते. घडीचं स्टँड मात्र बहुतेक ठिकाणी चालतं, विशेषतः ट्रेलरच्या मागच्या बाजूला, रस्त्यावरून न दिसेल असं. मागच्या शिडीला किंवा बंपरला अडकवायची आडव्या दांड्यांची चौकट मिळते. गाडीच्या हुकाच्या चौकोनी भोकात बसणारी छत्रीसारखी दोरीही मिळते. मांडवाच्या, म्हणजे ऑनिंगच्या, दांड्यांवर ओले कपडे टाकू नका. ते हात कापडाचं वजन पेलण्यापुरतेच असतात, वाऱ्याच्या झोताने वाकतात आणि दुरुस्ती महाग पडते.

वाळवंटात हिवाळ्यातही पातळ कपडे दोन-तीन तासांत वाळतात, पण धूळ उडायच्या आत, दुपारी दोनच्या आधी काढा. फ्लोरिडात आणि गल्फच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात दिवसभर टांगलेलं संध्याकाळी दमटच असतं. तिथे बाहेर वाळवण्याचा हट्ट सोडून ड्रायरचे पैसे द्या.

पावसात आणि थंडीत कपडे आतच टांगले तर काय बिघडतं?

ट्रेलर कुजतो. हिशोब करून बघा. पंचवीस फुटी ट्रेलरच्या आत साधारण ३७ घनमीटर हवा असते. २० अंश सेल्सिअसला ती पूर्ण ओली झाली तरी एकूण सुमारे ६४० ग्रॅम बाष्प पेलते. तीन किलो सुती कपडे हाताने पिळून टांगले तर त्यांत जवळजवळ तीन लिटर पाणी असतं. हे पाणी जाणार कुठे? खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर, गादीखालच्या फळीवर, कपाटाच्या मागच्या भिंतीवर, जिथे थंडी लागते तिथे ते पुन्हा पाणी होऊन बसतं. आठवड्याभरात गादीच्या खालच्या बाजूला काळे ठिपके दिसतात.

म्हणून थंडीत क्रम असा. पहिल्यांदा स्पिन-ड्रायर. तीन हजार फेऱ्यांनंतर किलोभर सुती कपड्यात चारशे-साडेचारशे ग्रॅमच पाणी उरतं, म्हणजे निम्म्याहून अधिक ओझं इथेच संपलं. मग न्हाणीत दोन आडव्या दांड्या लावून कपडे विरळ टांगा, छताचा पंखा हवा बाहेर फेकायच्या बाजूने मंद ठेवा आणि दुसऱ्या टोकाची खिडकी बोटभर उघडा. थोडी ऊब जाते, पण ओल जाते ती महत्त्वाची. न्हाणीचं दार बंद ठेवा म्हणजे ओल झोपण्याच्या जागेत शिरत नाही. जोडीला कॉम्प्रेसरचा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, असेल तर उत्तम. आर्द्रता मोजणारं दहा-पंधरा डॉलरचं घड्याळ भिंतीवर लावा आणि आकडा ५० टक्क्यांखाली ठेवा. ६० च्या वर दोन दिवस गेले की कपडे आत टांगणं थांबवा.

कपडे वाळावेत म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवू नका. प्रोपेन जळताना त्यातूनच पाण्याची वाफ निघते, म्हणजे ओल वाढते, आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. ट्रेलरचा मूळचा फर्नेस, म्हणजे गॅसवरचा हीटर, त्याची जळलेली हवा बाहेर सोडतो, त्याची ऊब कोरडी असते. वॉशिंग्टन-ओरेगनच्या पश्चिमेला नोव्हेंबर ते मार्च राहणार असाल तर टॉवेल, जीन्स आणि चादरी आत वाळवायच्याच नाहीत, असं ठरवून टाका.

लॉन्ड्रोमॅटला जायचं तर वेळ आणि पैसे कसे वाचवावेत?

मंगळवार ते गुरुवार, सकाळी उघडल्या उघडल्या. रविवारी दुपारी जाऊ नका. ट्रेलर मुक्कामावर ठेवून नुसती गाडी घेऊन जा. प्रवासाच्या दिवशीच उरकायचं असेल तर महामार्गावरचे मोठे ट्रक-थांबे बघा, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी धुलाईखोली असते आणि ट्रेलर उभा करायला जागाही.

बँकेतून पाव डॉलरच्या नाण्यांचे गठ्ठे आणून ठेवा. एका गठ्ठ्यात ४० नाणी, दहा डॉलर. कार्ड चालणारी ठिकाणं वाढली आहेत, पण लहान गावांत अजून नाणीच लागतात.

दहा-बारा किलो कपड्यांना तीन लहान मशीनं लावण्यापेक्षा समोरून उघडणारं ४० पौंडी एक मशीन स्वस्त आणि पाणी नीट काढणारं. ते पाऊणच भरा. कपडे घालण्याआधी ओला पांढरा रुमाल ड्रमच्या आतून आणि रबराच्या कडेवरून फिरवा. आधीच्या माणसाचा रंग किंवा ब्लीच रुमालावर दिसलं तर शेजारचं मशीन घ्या. ड्रायरमध्ये एकच गच्च भरण्यापेक्षा दोन अर्धे भरा, वेळ निम्मा लागतो. गॅसचे ड्रायर घरच्यापेक्षा बरेच तापतात. कुर्ते, लेगिंग्ज, लोकरीचं काही असेल तर दहा मिनिटांनी बाहेर काढून घरी टांगा.

आठवड्याचा खर्च गावानुसार साधारण पंधरा ते वीस डॉलर येतो. घड्या तिथेच घाला. ट्रेलरमध्ये घडी घालायला पलंगाशिवाय जागा नसते आणि तो ढीग रात्री जमिनीवर येतो.

हळदीचे डाग ट्रेलरमधल्या थोड्या पाण्यात कसे काढायचे?

डाग पडल्या पडल्या घासू नका. चमच्याच्या कडेने वरचं खरवडा आणि उलट्या बाजूने थंड पाणी सोडा. मग भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने चोळा, कारण फोडणीत हळद तेलात मुरलेली असते आणि तेल सुटल्याशिवाय ती सुटत नाही.

डिटर्जंट लागताच पिवळा डाग लालसर होतो. घाबरू नका, साबणाच्या अल्कलीने हळदीचा रंग तसा बदलतोच, कुंकू करताना चुन्याने होतो तसा. विसळल्यावर तो पुन्हा पिवळा पडतो. आता कपडा *ओलाच* उन्हात टाका, डागाची बाजू वर. हळदीचा रंग उजेडाने विटतो. कडक उन्हात दोन-चार तासांत फिका होतो, राहिलाच तर पुन्हा ओला करून दुसऱ्या दिवशी. डाग पूर्ण गेल्याशिवाय कपडा ड्रायरमध्ये घालू नका, उष्णतेने तो पक्का बसतो. खूण म्हणून डागाच्या कपड्याला एक चिमटा लावून ठेवा, म्हणजे ढिगातून तो चुकून ड्रायरमध्ये जात नाही.

मूल रात्री अंथरुणात ओकलं किंवा गादी ओली केली, आणि लॉन्ड्रोमॅट तीस मैल लांब आहे. तेव्हा?

गादीवर पाणी न झिरपणारी खोळ, त्यावर चादर, पुन्हा तशीच खोळ आणि पुन्हा चादर, असे दोन थर आधीच घालून ठेवा. वरचा थर ओढून काढला की खाली कोरडं अंथरूण तयार. काढलेला थर बाहेर झटका, थंड पाण्याने खळखळून काढा आणि एन्झाइमच्या डिटर्जंटमध्ये बादलीत सकाळपर्यंत भिजवा. लघवीच्या कपड्यावर सरळ ब्लीच ओतू नका, त्यातल्या अमोनियाशी मिळून घातक वायू होतो. ओले कपडे बंद पिशवीत दोन दिवस ठेवले तर भुरी येते. लगेच धुणं जमणार नसेल तर निदान पिळून न्हाणीत टांगा.

गोधडी आणि साड्यांचं काय करायचं?

गोधडी ट्रेलरमध्ये धुवायचीच नाही. भिजली की ती उचलवत नाही, स्पिन-ड्रायरमध्ये मावत नाही आणि आतला थर वाळायच्या आधी कुबटतो. लॉन्ड्रोमॅटच्या ६० पौंडी मशीनमध्ये थंड पाणी, मंद फिरवणं, पहिल्या धुण्याला एकटीच, कारण जुन्या लुगड्यांचा रंग जातो. ड्रायर मध्यम, दर पंधरा मिनिटांनी उलटी करा. मधोमध हात दाबून गार लागत असेल तर आत ओल आहे.

भारतातून आईबाबा राहायला आले तर सुती साडी स्पिन करून चौघडी टांगली की पुरते. सिल्क ट्रेलरमध्ये धुऊ नका. नऊवारी असेल तर शॉवरची दांडी पुरत नाही, बाहेर दोन स्टँड समोरासमोर ठेवा.

जंगलातल्या मुक्कामावरून आल्यावर गोचिडी कपड्यांत राहू नयेत म्हणून काय करावं?

कपडे धुवायच्या आधी *सुकेच* ड्रायरमध्ये घाला, सगळ्यांत गरम तापमानावर दहा मिनिटं. कोरड्या उष्णतेने गोचिडी मरतात. थंड किंवा कोमट पाण्यात धुऊन त्या मरत नाहीत, म्हणून आधी धुतलं तर उपयोग होत नाही. कपडे दमट असतील तर जास्त वेळ ठेवा. जवळ ड्रायर नसेल तर ते कपडे घट्ट बांधून ट्रेलरच्या बाहेर ठेवा, मुलांच्या टोपलीत टाकू नका.

पाणी गोठण्याइतकी थंडी पडणार असेल तर मशीनचं काय?

मशीन बंद असलं तरी निचऱ्याच्या पंपात आणि नळ्यांत पाणी साचलेलं असतं. ते गोठून फुगलं की पंपाचं प्लास्टिक तडकतं, आणि कळतं ते ऊन पडल्यावर, पाणी जमिनीवर आलं की. आत ऊब असेल तर मशीनच्या कपाटाचं दार उघडं ठेवा. ट्रेलर थंड ठेवून जाणार असाल तर नळ बंद करा, दोन्ही पाण्याच्या नळ्या सोडून रिकाम्या करा, ड्रममध्ये लिटरभर गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ, म्हणजे ट्रेलरच्या नळ्यांसाठीचं न गोठणारं द्रव, ओता आणि फक्त निचऱ्याचं चक्र मिनिटभर चालवा. गुलाबी पाणी निचऱ्याच्या नळीतून दिसलं की थांबा. गाडीच्या रेडिएटरचं हिरवं अँटीफ्रीझ वापरू नका, ते विषारी असतं. वसंतात पहिला घाणा कपडे न घालता काढा.